नोंद आणि गौरव : कोशलेखनातील भाषेचा प्रश्न

कोशातील नोंद आणि गौरवलेख हे दोन स्वतंत्र लेखनप्रकार आहेत, हे तत्त्वतः कोणीही नाकारणार नाही. प्रत्यक्षात मात्र मराठीत त्यांच्यातील सीमारेषा वारंवार पुसली जाते. याचे एक कारण आपल्या वाङ्मयीन व्यवहारातच आहे. षष्ट्यब्दीपूर्तीचे गौरवग्रंथ, सत्काराची मानपत्रे, मृत्युलेख आणि प्रस्तावना यांची समृद्ध परंपरा मराठीला लाभली आहे. नोंद लिहिण्याची जबाबदारीही बहुधा याच परंपरेत वावरलेल्या अभ्यासकावर येते. मानपत्राची लेखणी मग नोंदीतही चालू राहते.

नाशिकचेच उदाहरण घ्यावे. कुसुमाग्रजांविषयी 'मराठी कवितेला नवी उंची देणारे युगप्रवर्तक प्रतिभावंत' असे वाक्य लिहिले, तर त्यात खोटे असे काही नसेल. पण त्यातून माहितीही काही मिळत नाही. नाव बदलून हेच वाक्य अन्य दहा कवींच्या नोंदीत जसेच्या तसे बसविता येते. याउलट, 'विशाखा' हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला, 'नटसम्राट'ला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८७ च्या ज्ञानपीठ पुरस्कारासाठी शिरवाडकरांची निवड झाली, ही विधाने फक्त त्यांच्याविषयीच करता येतात. एका प्रस्थापित कादंबरीकाराला तरुण कवीचा संग्रह स्वतः पुढाकार घेऊन प्रसिद्ध करावासा वाटला, या एका तपशिलातून त्या कवितेच्या सामर्थ्याची जी कल्पना येते, ती 'युगप्रवर्तक' या विशेषणातून येत नाही. विशेषण वाचकाने केवळ मान्य करावे लागते. तपशिलावरून तो स्वतः निष्कर्ष काढू शकतो.

स्थलविषयक नोंदींत हा दोष अधिक उघडा पडतो. नाशिकमधील इंदिरानगर या वसाहतीची नोंद करावयाची झाल्यास 'निसर्गरम्य, झपाट्याने विकसित होणारा, सर्व सोयींनी युक्त परिसर' अशी शब्दावली सहज सुचते. ही शब्दावली घरबांधणी व्यावसायिकांच्या माहितीपत्रकातली आहे. ग्राहकाने घर घ्यावे, हा तिचा हेतू असतो. कोशाच्या वाचकाला वेगळे हवे असते : ही वसाहत मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे, ती १९८२ साली स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत येते, तिची वस्ती कोणत्या काळात आणि कशामुळे वाढली, महामार्गाखालील बोगद्याशी तेथील दैनंदिन रहदारीचा संबंध काय. 'झपाट्याने' या शब्दाच्या जागी दोन जनगणनांमधील आकडे आले की नोंद आपोआप निर्मळ होते.

प्रचाराची भाषा सर्वत्र त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्धीस नेणाऱ्या श्रीधर व्यंकटेश केतकरांना भागधारक आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी अथक खटपट करावी लागली. 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात त्या उद्योगाचा इतिहास त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. कोश विकण्यासाठी आवाहन लागते, जाहिरात लागते. तिची जागा कोशाबाहेरच्या विज्ञप्तीत आहे, नोंदीच्या मजकुरात नाही.

मराठीपुरती एक अडचण येथे लक्षात घेतली पाहिजे. आदरार्थी बहुवचन हा आपल्या व्याकरणाचा भाग आहे. 'त्यांनी लिहिले' यात स्तुती नाही. उपाध्यांचे तसे नाही. 'साहित्यसम्राट', 'नाट्याचार्य', 'महर्षी' हे शब्द नावाला इतके चिकटलेले असतात की ते मूल्यनिर्णय आहेत, याचा विसर पडतो. मराठी विश्वकोशाने 'टिळक, बाळ गंगाधर' अशा रीतीने आडनाव आधी घेऊन शीर्षके योजली. या साध्या पद्धतीमुळे उपाधी शीर्षकातून बाहेर राहते. पुढे मजकुरात ती अवश्य यावी. पण कोणी दिली आणि केव्हा रूढ झाली, या माहितीसह.

यावर एक आक्षेप संभवतो. वाङ्मयाच्या क्षेत्रात मूल्यमापन टाळले, तर लेखकाची नोंद ही केवळ सनावळी होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर मूल्यमापन वगळण्यात नसून त्याचे कर्तृत्व स्पष्ट करण्यात आहे. अमुक समीक्षकाने अमुक ग्रंथात असे मत मांडले, हे विधान पडताळता येते. 'सर्वमान्य', 'निर्विवाद' यांसारखे शब्द मात्र मत कोणाचे, हेच लपवितात. प्रतिकूल मतांविषयी मौन पाळणे हाही प्रचाराचाच प्रकार होय. 'नटसम्राट'चे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी असलेले नाते सांगितल्याने नाटकाला उणेपणा येत नाही. ते दडविल्याने नोंदीला मात्र येतो.

आज या प्रश्नाला निकड आली आहे. विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते. त्यामुळे उत्तरदायित्व निश्चित होते. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणालाही लिहिता येते आणि लेखाखाली स्वाक्षरी नसते. इंग्रजी विकिपीडियाने फुलोऱ्याच्या शब्दांना मोराची उपमा देऊन त्यांपासून लेखकांना सावध केले आहे. महाजालावरील स्तुतिपर वाक्य विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेत उतरते, तेथून चर्चासत्रातील निबंधात जाते आणि काही वर्षांनी संदर्भासह उद्धृत होऊ लागते. स्तुतीचे असे तथ्यात रूपांतर होते.

यात सर्वाधिक हानी अल्पपरिचित लेखकांची होते. कुसुमाग्रजांविषयीची माहिती अन्यत्र विपुल आहे. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कवयित्रीविषयी किंवा दलित कथाकाराविषयी कदाचित एकच नोंद उपलब्ध असते. ती विशेषणांनी भरली आणि प्रकाशनवर्ष, आवृत्ती, नियतकालिकाचे नाव राहून गेले, तर पुढच्या संशोधकाला आधारच उरत नाही. म्हणून संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात नोंदलेखनाला स्थान मिळावे. विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका लेखकाची नोंद लिहावी आणि प्रत्येक विशेषणासमोर त्याचा आधार मांडावा. आधार सापडला तर विशेषणाऐवजी तोच नोंदीत घ्यावा. न सापडल्यास विशेषण गाळावे. लेखकाविषयीचा आदर व्यक्त करण्याची याहून प्रामाणिक रीत कोशलेखकाजवळ नाही.