पडद्यामागचें मासिक

ठाकूरद्वाराच्या एखाद्या चाळींत संध्याकाळीं शिरावें, तर एखाद्या तरी बिऱ्हाडांतून डोरेमॉनचा आवाज कानीं पडतो, आणि तोहि हिंदींत. हा निळा प्राणी मांजर कसा, हें आजीस उमगत नाहीं. नातवास मात्र त्याच्या पोटावरील खिशांतून काय काय निघतें तें सारें पाठ असतें. हीं चित्रें जपानांतून येतात एवढें वडील मंडळीस ठाऊक असतें. परंतु तीं मुळांत छापील पानांवरून पडद्यावर आलीं, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

जपानांत छापील चित्रकथेस 'मांगा' व तिच्या हलत्या रूपास 'ॲनिमे' म्हणतात. बहुधा गोष्ट प्रथम स्वस्त कागदाच्या साप्ताहिकांत अगर मासिकांत क्रमशः येते. वाचकांस रुचली कीं तिचें पुस्तक निघतें, आणि नांव झालें म्हणजे मग ती पडद्यावर जाते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणुकी'च्या अंकांतून वाचणाऱ्यांच्या नातवंडांस यांतील पहिला भाग तरी समजावून सांगण्याची गरज नाहीं. (छापखान्यांतून चित्रपटाकडे जाणारी वाटहि गिरगांवास अपरिचित नाहीं. दादासाहेब फाळके आधीं छापखान्याचाच व्यवसाय करीत, आणि त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं येथल्याच कॉरोनेशनमध्यें लागला.)

जपानांत ही वाट रुळविली ओसामु तेझुका यांनीं. १९५२ पासून मासिकांत येणारा त्यांचा 'ॲस्ट्रो बॉय' हा यंत्रमुलगा १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास दिसूं लागला. पैसा बेताचा, वेळ त्याहून बेताचा. तेव्हां सर्व अंगाऐवजीं नुसते ओठ हलवावे, एकदां काढलेलें चित्र पुनः वापरावें, अशी काटकसर त्यांनीं केली. रात्रीच्या उरल्या भाताचा सकाळीं फोडणीचा भात करणाऱ्या गृहिणीस ही युक्ति नवी वाटूं नये.

परंतु घरांतील वादाचें मूळ निराळेंच आहे. फुजिको एफ. फुजिओ यांचा डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस मुलांच्या इयत्तावार मासिकांत अवतरला. धाकट्या इयत्तेस निराळी गोष्ट, थोरल्या इयत्तेस निराळी. उलट योशितो उसुई यांचा शिनचॅन १९९० सालीं आला तो प्रौढांच्या साप्ताहिकांत! पांच वर्षांचा पोर आईबापांचीं बिंगें चारचौघांत फोडतो, हा विनोद मुळीं आईबापांसाठींच होता. १९९२ पासून तोहि पडद्यावर आला, आणि येथें तर दोघेहि एकाच वाहिनीवर हिंदी बोलूं लागले. मग कोण कोणासाठीं लिहिलेला होता, हें कळावें कसें? तक्रारींवरून २००८ सालीं शिनचॅन आपल्याकडे कांहीं काळ बंद झाला होता. तो पाहून नातू उलट उत्तरें देतो, ही आजीची तक्रार आम्ही खोटी म्हणणार नाहीं. पण त्यापायीं बिचाऱ्या डोरेमॉनासहि घराबाहेर काढणें हा शुद्ध अन्याय होय.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलाच्या हातून यंत्र काढून घेण्यापूर्वीं ती गोष्ट प्रथम कोणत्या मासिकांत आली याची चौकशी करावी, आणि इंग्रजी भाषांतर मिळाल्यास एखादें पुस्तक घरांत आणावें. पडदा आपल्या वेगानें धांवतो. पानावर मूल हवें तितका वेळ थांबूं शकतें. मात्र भाषांतर झालें तरी पुष्कळ पुस्तकांतील चित्रें जपानी रीतीनें उजवीकडून डावीकडेच चालतात. तेव्हां आजोबांनीं मागच्या पानापासून वाचावयास घेतलें, तर सुनेनें हसूं नये. तें तसेंच वाचावयाचें असतें.