चौकातील स्वयंसेवक आणि कायद्याची जबाबदारी

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदीचा रस्ता पुण्यात येतो. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी याच वाटेने जाते, तेव्हा रस्त्याकडेला पाणी वाटणाऱ्या स्वयंसेवकाला ‘तुला कोणी पाठविले?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. समजा, आपल्या धर्मग्रामातील दोन युवक उद्या तेथेच सुवार्तेची पत्रके घेऊन उभे राहिले, तर हा प्रश्न लगेच विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्यापाशी तयार आहे काय?

हा प्रश्न दूरचा नाही. जुलै २०२५ मध्ये पिंपरी येथे धर्मांतराचा आग्रह केल्याच्या आरोपावरून एका अमेरिकी नागरिकासह दोघांना अटक झाली. (पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला धर्मप्रचार करता येत नाही, हे आपल्या अनेक मंडळांना अजून ठाऊक नसते.) आरोप खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील, पण अटक झाली ती प्रत्यक्ष तेथे गेलेल्यांना, हे ध्यानात घ्यावयास हवे.

संविधानाच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की, या हक्कात आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ही रेषा कागदावर स्पष्ट असली तरी चौकात ती पुसट होते.

अशा वेळी बहुधा भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ लावले जाते. त्यासाठी धार्मिक भावना दुखावण्याचा बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो; शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. न्यायालयाने या गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते. अटकेसाठी लागत नाही. गुन्हा अजामीनपात्र असल्याने जामिनासाठी न्यायालयात जावे लागते. त्यास जोडून कलम ३(५), म्हणजे समान उद्देश, लावले की बोलणारा, पत्रके धरणारा व बाजूला उभा असलेला असे सारेच एका ओळीत येतात. मे २०२५ मध्ये पटवर्धनांच्या जुन्या संस्थानातील जमखंडी येथे हेच झाले. मंदिराजवळ इस्लामची पत्रके वाटणाऱ्या काही मुस्लिमांवर ही दोन्ही कलमे व कर्नाटकाचा २०२२ चा धर्मांतरविरोधी कायदा लावण्यात आला. जुलैमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला: कोणाचे धर्मांतर घडविल्याचा आरोपच नव्हता आणि फिर्यादी त्या कायद्याने ठरविलेल्या व्यक्तींपैकी नव्हता. निकाल दिलासा देणारा खरा. परंतु तो मिळेपर्यंत आरोपींना उच्च न्यायालय गाठावे लागले.

मग पाठविणाऱ्याचे काय? फौजदारी कायद्यात जबाबदारी सामान्यतः ज्याची त्याची असते. चिथावणी किंवा कट सिद्ध झाल्याखेरीज धर्मगुरू अथवा विश्वस्त केवळ पदामुळे दोषी ठरत नाहीत. कर्नाटकाच्या कायद्यात मात्र संस्थेने उल्लंघन केल्यास तिचा कारभार पाहणाऱ्यांनाही शिक्षा आहे. दिवाणी बाब निराळी आहे. संस्थेने सोपविलेले काम करताना स्वयंसेवकाकडून कोणाचे नुकसान झाले, तर भरपाईचा दावा संस्थेवर येऊ शकतो. तो वेतन घेत नव्हता एवढे सांगून सुटका होईलच असे नाही.

आम्हांस खरी चिंता वाटते ती त्या मधल्या मुलाची. पत्रकावर धर्मग्रामाचे नाव छापलेले असते, पण त्याच्या खिशात धर्मग्रामाचे पत्र नसते. उद्या पारपत्रासाठी किंवा नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली, तर तेथे त्याचे एकट्याचे नाव निघेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात गरीब व अशिक्षितांना भुलविणाऱ्या प्रचारापासून दूर राहावयास सांगितले. त्या शिकवणीचे प्रशिक्षण न देता मुलांना चौकात धाडणे हा आमच्या मते पाठविणाऱ्यांचा दोष आहे, आणि तो पोलीस ठाण्याच्या नोंदीत कधीच दिसत नाही.

तेव्हा पुढील बैठकीत धर्मग्राम परिषदेने एवढे तरी ठरवावे: कोण जाणार, कोठे व किती वेळ, पोलिसांना आधी कळविले की नाही, आणि रात्री फोन आल्यास कोणता वकील व परिषदेतील कोण ठाण्यावर जाणार. हे लिहिलेल्या कागदावर सही प्रथम पाठविणाऱ्याची असावी.