ईदनंतरची सफ

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत चपला ठेवायला जागा नसते. ईदच्या दुसऱ्या दिवशी फजरला तीच मशीद, आणि इमामसाहेबांच्या मागे जेमतेम दीड सफ. मग कोणीतरी ‘रमजानी नमाजी’ असा टोमणा मारतो, बाकीचे हसतात. मीही अनेकदा हसलो आहे. गेल्या वर्षी हसू आलं नाही, कारण गायब झालेल्यांत माझा मुलगाही होता.

पंधरा वर्षांचा पोरगा. सगळे रोजे धरले, माझ्या शेजारी उभा राहून तरावीह पढला. मला वाटलं, गाडी रुळावर आली. ईद झाली आणि मी फर्मान काढलं: पाचही नमाज मशिदीत, फजरनंतर एक पारा, इशानंतर मोबाईल बंद. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी फजर हुकली, मी सगळ्यांसमोर रागावलो. दोन आठवड्यांत त्याने सगळंच सोडलं. माझ्याशी बोलणंही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असलेल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी निबंध लिहायला सांगत नाही. रोज पाच ओळी शुद्धलेखन, जोडाक्षरं सावकाश. बी.एड.ला घोकलेलं ‘सुलभाकडून कठीणाकडे’ वर्गात रोज पाळतो. घरी मात्र बाप झालो की शिक्षक विसरतो.

आणि हे काही फक्त बी.एड.चं शहाणपण नाही. कुरआन सुमारे 23 वर्षांत थोडा थोडा अवतरला. दारूचंच पाहा. सूरह बकरामध्ये तिचं पाप फायद्याहून मोठं असल्याचं सांगितलं, सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जायला मनाई झाली, आणि पूर्ण बंदी आली ती सूरह माइदामध्ये. पहिल्याच दिवशी बंदी आली असती तर लोकांनी ऐकलंच नसतं, अशा अर्थाचं हजरत आयेशा (रजि.) यांचं म्हणणं बुखारीत आहे. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना तर रोज रोजा आणि रात्रभर इबादत करायची होती. प्रेषितांनी (स.) त्यांना महिन्याला तीन रोजे पुरेत म्हणून सांगितलं. ते जास्त मागत राहिले आणि एक दिवसाआड रोजा ठरला. म्हातारपणी शरीर थकलं तेव्हा म्हणत, ती सवलत तेव्हाच घेतली असती तर बरं झालं असतं!

आमच्याकडचे एक बुजुर्ग यावर म्हणाले, “मास्तर, म्हणजे एक पढली की चार माफ?” नाही. पाचही फर्ज आहेत, त्यात सूट देणारा मी कोण? पण जो आज एकही पढत नाही, त्याच्यापुढे पाचांचा हिशेब मांडून आपण त्याला मशिदीच्या जवळ आणतो की लांब ढकलतो, एवढंच मी विचारतोय. नफिल, तिलावत, जिक्र यांचं ओझं तर आपण स्वतःच वाढवून ठेवतो.

मी मुलाची माफी मागितली. सोपं नव्हतं. सुरुवात कुठून करायची हे त्यालाच ठरवू दिलं. त्याने मगरिब निवडली, कारण क्रिकेटचं मैदान मशिदीला लागून आहे. माझाही एक धडा सुरू होता. डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगितल्यावर मी रोज तासभर चालायचा पण केला होता आणि आठवड्यात मोडला होता. आता फजरनंतर सरळ घरी न येता पाण्याच्या टाकीला वळसा घालून येतो. दहा मिनिटं. चहातली साखर दोन चमच्यांवरून एकवर आणली आहे. (तो चमचा मोठा आहे, असं बायकोचं मत.)

काही महिन्यांनी पोरगा इशालाही यायला लागला, न सांगता. एका जुम्म्याला कोणीतरी त्याला “आज इकडे कसा रस्ता चुकलास?” म्हणून विचारलं. तो काही बोलला नाही. मला मात्र राहवलं नाही, बोललो. थोडं जास्तच बोललो बहुधा.

फजर अजून जमलेली नाही. तो अलार्म लावतो आणि बंद करून झोपतो. मी निघताना त्याचं दार एकदा वाजवतो, दुसऱ्यांदा वाजवत नाही.