हवानाचे तिकीट काढण्याआधी

कर्जत किंवा खोपोलीहून परदेशी जाणारा प्रवासी आता नवलाचा राहिलेला नाही. दुबई, सिंगापूर, युरोप झाल्यावर काहींची नजर कॅरिबियनकडे वळते. कुणी क्रूझवरच्या नोकरीच्या निमित्ताने तिकडे पोहोचतो, कुणी क्रिकेट पाहायला, तर कुणी निवृत्तीनंतर जुन्या गाड्या आणि जुने वाडे पाहायला क्युबाची राजधानी हवाना निवडतो. मोठ्या वस्तीचे हे शहर आहे. पहिल्यांदा जाणारा माणूस व्हिसा, विमान, हॉटेल आणि डॉलर यांची चौकशी करतो. तब्येतीचा प्रश्न मात्र ‘कुठली लस घ्यायची?’ एवढ्यावरच संपतो. प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. नियम कोणती लस मागतात आणि शरीराला कोणत्या संरक्षणाची गरज असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी नियमाचे पाहू. दक्षिण अमेरिकेत पिवळा ताप पुन्हा डोके वर काढतो आहे. २०२४ मध्ये तिथे माणसांमधील ६१ रुग्णांची नोंद झाली होती. २०२५ च्या पहिल्या पाच महिन्यांतच हा आकडा दोनशेच्या पुढे गेला. जे देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत, तिथून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते, तेही सहा दिवसांपर्यंत. कॅरिबियन बेटांपैकी त्रिनिदाद या यादीत आहे. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनला सामना पाहायला जाणाऱ्याला लस हवीच. क्युबा, जमैका आणि डॉमिनिकन रिपब्लिक यादीत नाहीत.

मग हवानाला जाणाऱ्याने निश्चिंत राहावे का? इथेच अनेकांची गफलत होते. मुंबईहून हवानाला थेट विमान नाही. युरोप किंवा तुर्कस्तानमार्गे गेलात तर पिवळ्या तापाचा प्रश्न उद्भवत नाही. पण स्वस्त तिकिटाच्या नादात पनामा सिटी किंवा बोगोटामार्गे परतीचा प्रवास ठरवला, तर पनामा आणि कोलंबिया हे दोन्ही देश यादीतले आहेत. विमान बदलताना विमानतळाबाहेर पाऊल टाकले नसेल तर सूट मिळू शकते, पण तो निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. एक रात्र शहरात मुक्काम केला तर सूट संपली. म्हणून देशांच्या यादीबरोबर तिकिटावरचे थांबेही तपासावेत.

ही लस कर्जतच्या दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच दिली जाते आणि आपल्याला जवळची केंद्रे मुंबईत आहेत. विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य संघटना त्यांतल्या प्रमुख. आधी नाव नोंदवावे लागते, पासपोर्ट सोबत न्यावा लागतो. लोकलने एक दिवस मोडतो, एवढे धरून चालावे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची असते. म्हणून गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे आणि साठी ओलांडलेले यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. निवृत्तीनंतर सहलीला निघणाऱ्यांचे वय नेमके तेच असते, हे लक्षात घ्यावे.

भारत याबाबतीत इतका कडक का, याचे उत्तर आपल्याच परसात आहे. पिवळा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास कर्जत, नेरळ, खोपोली, चौक सगळीकडे आहे. डेंग्यू तोच पसरवतो. डास आहे, माणसे आहेत, फक्त विषाणू आलेला नाही. आशियात पिवळा ताप कधी रुजला नाही. पण २०१६ मध्ये अंगोलाहून परतलेल्या अकरा जणांमध्ये तो चीनमध्ये आढळला, तेव्हा साऱ्या आशियाच्या आरोग्य यंत्रणा दचकल्या होत्या. थोडक्यात, ते पिवळे कार्ड प्रवाशाइतकेच त्याच्या गावाचेही रक्षण करते.

योगायोग असा की डासाचा हा गुन्हा प्रथम ओळखला गेला तो हवानातच. १४ ऑगस्ट १८८१ रोजी डॉ. कार्लोस फिनले यांनी तिथल्या विज्ञान अकादमीत मांडले की पिवळा ताप एका विशिष्ट डासामुळे पसरतो. सुमारे वीस वर्षे त्यांची चेष्टा झाली. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकी मंडळाने प्रयोगांनी ते सिद्ध केले. त्या कामात डॉ. जेसी लॅझिअर यांचा पिवळ्या तापानेच मृत्यू झाला. पुढच्या वर्षी विल्यम गॉर्गस यांनी हवानात घरोघर तपासनीस पाठवले. पाण्याची पिंपे झाकली, हौदांवर तेलाचा थर दिला, अळ्या सापडल्या तर दंड केला. १९०१ संपेपर्यंत पिवळा ताप शहरातून जवळजवळ हद्दपार झाला. तेव्हा लस नव्हती, औषध नव्हते. साठवलेल्या पाण्यावरची झाकणे आणि ती तपासणारी माणसे, एवढ्या भांडवलावर हे घडले.

त्याच हवानाची आजची स्थिती मात्र वेगळी आहे. १९८१ मध्ये क्युबात डेंग्यूची भयंकर साथ आली होती. साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण आणि १५८ मृत्यू, त्यांत बहुसंख्य मुले. त्यानंतर क्युबाने डासांविरुद्ध जी मोहीम चालवली ती जगात नावाजली गेली. गेल्या काही वर्षांत आर्थिक कोंडी, इंधनटंचाई, उचलला न जाणारा कचरा आणि वारंवार जाणारी वीज यांनी ती यंत्रणा खिळखिळी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर देशभराची वीज एकाच वेळी गेली. वीज नाही तर पंप नाही, पंप नाही तर नळाला पाणी नाही. मग लोक पिंपे भरून ठेवतात आणि डासाला घर मिळते. मे २०२४ मध्ये क्युबात प्रथमच ओरोपूश नावाचा विषाणू आढळला आणि २०२५ च्या उत्तरार्धात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. डेंग्यू जोडीला होताच.

म्हणजे यादीत नसलेल्या हवानात प्रवाशाला खरा धोका आहे तो ज्यांची प्रमाणपत्रे कुणी मागत नाही अशा आजारांचा. चिकुनगुनियाची लस सध्या आपल्याकडच्या दवाखान्यांत मिळत नाही. डेंग्यूसाठीही प्रवाशाला घेता येईल अशी लस आपल्याकडे नाही. बचाव आहे तो डास चावू न देण्यात. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी अधिक. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि ‘डीट’ किंवा ‘पिकारिडिन’ असलेले मलम दिवसातून दोन-तीनदा लावणे, हे करावे लागते. ओरोपूश पसरवणारी चिलटे तर इतकी बारीक असतात की साध्या जाळीतून आत येतात. मलम इथूनच न्यावे. तिथे औषधांचा तुटवडा आहे.

हाच मुद्दा रोजच्या गोळ्यांना लागू होतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईडची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्त न्यावीत, निम्मी हातातल्या बॅगेत ठेवावीत. चिठ्ठीवर कंपनीचे नाव पुरत नाही; औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. हवानाची वेळ आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणाऱ्याने हा फरक कसा भरून काढायचा, हे निघण्याआधीच विचारून घ्यावे. विजेचा भरवसा नसलेल्या शहरात इन्सुलिन थंड कसे ठेवणार, याचीही सोय हवी. जलसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटामॉल, जखमेवरचे मलम बरोबर असावे. ताप आला तर डेंग्यूची शक्यता नाकारली जाईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्युबाने २०१० पासून परदेशी पाहुण्यांना आरोग्य विमा बंधनकारक केला आहे. आपली पॉलिसी क्युबात चालते का, हे लेखी विचारावे.

किरकोळ दुखण्याला कमी लेखू नये. १९७१ मध्ये एकवीस वर्षांचे सुनील गावसकर वेस्ट इंडिजच्या पहिल्या दौऱ्यावर गेले तेव्हा बोटाला झालेल्या नखुरड्यामुळे त्यांची किंग्स्टनची पहिली कसोटी हुकली होती. पदार्पण झाले ते पोर्ट ऑफ स्पेनला. खेळाडूला डॉक्टर मिळतो, आपल्याला तो शोधावा लागतो.

कधी जावे? कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. ज्यांनी कर्जतचा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाहिला आहे, त्यांना हवानाच्या बाराशे मिलिमीटरचे भय वाटणार नाही. पण तिथे धोका वादळाचा आणि त्यानंतर साचणाऱ्या पाण्याचा असतो. पुराच्या पाण्यातून जखमी पायाने चालले की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, हे भातखाचरात उतरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ त्यातल्या त्यात बरा.

आता परतीचा भाग, जो कुठल्याच सहल कंपनीच्या पत्रकात नसतो. डेंग्यू किंवा चिकुनगुनियाचा डास हवानात शेवटच्या दिवशी चावला, तर ताप येईल तो घरी पोहोचल्यावर. पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्याला भिसेगावात किंवा खोपोलीत एडिसने चावले की आठ-दहा दिवसांनी तो डास शेजाऱ्याला आजार देऊ शकतो. चिकुनगुनिया काय करतो हे महाराष्ट्राने २००६ मध्ये पाहिले आहे. झिका २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला आणि २०२४ मध्ये पुण्यात सापडला. म्हणून परतल्यावर किमान दोन आठवडे डासांपासून स्वतःला जपावे. ताप, सांधेदुखी, पुरळ असे काही झाले तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की मी क्युबाहून आलो आहे. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातला डॉक्टर ओरोपूशचा विचार आपणहून करणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रवासाची माहिती मिळाली तर नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवण्याचा विचार तो करू शकतो. गरोदर स्त्रीने किंवा लवकरच मूल हवे असलेल्या जोडप्याने झिकाचा विचार करून सहलच पुढे ढकलावी, हे उत्तम.

आपल्या दोन्ही तालुक्यांत एडिसला आसरा कमी नाही. शनिवार-रविवारपुरती उघडणारी फार्महाऊसे आठवडाभर बंद असतात आणि त्यांचे कारंजे, कुंड्या, उघड्या टाक्या तशाच राहतात. डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते, तेव्हा पिंप भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो. खालापूरच्या कारखान्यांभोवती टाकाऊ टायर आणि ड्रम पडलेले असतात. डासाची अंडी कोरड्या भांड्यातही महिनोन् महिने टिकतात, म्हणून भांडे नुसते ओतून भागत नाही, घासावे लागते. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. वाडीवरच्या बाईला हे सांगताना तिला झाकणाचे पिंप आणि नियमित पाणी देणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि बंद बंगल्याच्या मालकाला नोटीस देणे हेही.

हवानाने सव्वाशे वर्षांपूर्वी झाकणे लावून जी लढाई जिंकली, ती झाकणे ढिली पडताच पुन्हा सुरू झाली. तिकीट काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवून तयारी करावी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाली की घराच्या गच्चीवरची टाकी एकदा बघून यावी.