विनाकारण बसणारा झटका कसा टाळाल?

रब्बीच्या दिवसांतील गोष्ट. आमच्या देऊळघाटचे सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी मुलाचा आधार घेत दवाखान्यात आले. हृदयाचे ठोके जीवघेण्या वेगाने धावू लागल्यास विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारे ‘आयसीडी’ यंत्र त्यांच्या छातीत बसवलेले होते. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देताना ओल्या अंगाने त्यांनी मोटारीच्या स्टार्टरला हात लावला आणि छातीत कोणी लाथ मारावी तसा झटका बसला. ‘‘डॉक्टरसाहेब, हे यंत्र काढून टाका,’’ एवढेच ते म्हणाले.

यंत्र जिथे बसवले त्या रुग्णालयात तपासणी झाली. यंत्रातील नोंदीनुसार हृदय त्या वेळी सुरळीत चालले होते. दोष होता मोटारीच्या अर्थिंगमध्ये. शरीरातून वाहणाऱ्या गळतीच्या विजेची कंपने यंत्राने हृदयाचे ठोके समजून मोजली होती. अशी गळती कधी कधी हाताला जाणवतही नाही.

असे झटके बव्हंशी टाळता येतात. त्यासाठी एवढे करावे :

• मोटार, गिझर, कपडे धुण्याचे यंत्र यांचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. ओल्या हातापायांनी विजेच्या वस्तूंना स्पर्श करू नये.

• ठोके आवरणारी औषधे ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नयेत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धावपळ हे चुकीच्या झटक्याचे फार मोठे कारण आहे.

• ठरलेली तपासणी चुकवू नये. हृदयापर्यंत गेलेली तार झिजली वा तुटली, तरी यंत्राची दिशाभूल होते.

• मोबाइल यंत्रापासून किमान सहा इंच, तर इंडक्शन शेगडी दोन फूट दूर ठेवावी. चुंबकीय पट्टे व गाद्या वापरू नयेत. चुंबकामुळे आवश्यक झटकाही थांबू शकतो.

यंत्राने किती वेगावर आणि किती वेळ थांबून झटका द्यावा, हे तज्ज्ञ ठरवू शकतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅडिट-आरआयटी’ या १,५०० रुग्णांच्या अभ्यासात ही मर्यादा उंचावल्याने किंवा यंत्राला अधिक वेळ थांबवल्याने अनावश्यक उपचार पुष्कळ घटले. मृत्यूही कमी झाले. म्हणून झटका बसलेल्या रुग्णाने ‘माझ्या यंत्राची मर्यादा योग्य आहे का?’ असे तज्ज्ञांना अवश्य विचारावे.

झटका विजेच्या वस्तूला हात लागून बसला असेल, तर सोबत्यांनी प्रथम वीज बंद करावी. एकच झटका बसून रुग्ण पूर्ववत वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. एकाहून अधिक झटके, छातीत दुखणे, धाप लागणे वा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही घडल्यास लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. झटका खरा की चुकीचा, याचा निवाडा घरी करू नये.

आमच्या त्या काकांनी यंत्र ठेवले. अर्थिंग मात्र नवे करून घेतले. रात्रीचे पाणी आता मुलगा देतो. छातीतील यंत्राला घाबरून ते काढण्याआधी, आपल्या घरातील आणि शेतातील विजेकडे एकदा पाहावे.