गरीब कोंबडी मार का खाते?



योजनेतून बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज अशी पिलं पाड्यावर येतात. जात गरीब, अंगानं जड. आपली गावठी चपळ. मुंगूस दिसलं की झाडावर. गिरिराजला तसं उडता येत नाही. दाण्यावर गावठी तिला टोचते, ती कोपऱ्यात उपाशी. मग आपणच म्हणतो, जात वाईट. आम्हाला हे पटत नाही. दोष जातीचा नाही, ठेवण्याचा आहे.

नवी पिलं आधी 2-3 आठवडे वेगळी ठेवा. नव्या-जुन्या सगळ्यांना मानमोडीची लस द्या, नाहीतर एका फेऱ्यात खुराडी रिकामी. पिलू एकटं सोडू नका, चार-पाच मिळून सोडा. दाणा दोन-तीन जागी टाका. भांडखोर असील कोंबडा त्यांच्यात नको.

पण गावठी मोडू नका. गिरिराज सहसा खुडूक बसत नाही. अंडी उबवायला गावठीच लागते. ती गेली की दर वर्षी पिलांसाठी कचेरीच्या दारात हात पसरायचा. जमिनीसाठी आपण हात पसरले नाहीत, हक्क मागितला. मग पिलांसाठी का पसरायचे? योजना घ्या, पण बियाणं आपलंच राखा.