चेहरा गप्प असतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी जळगावला नेरी नाक्यावरील स्मशानभूमीत एका परिचितांच्या अंत्यसंस्कारास गेलो होतो. थोरल्या मुलाने अग्नी दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. सांत्वनासाठी पुढे आलेल्यांना त्याने साधा नमस्कारही केला नाही. परतताना एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “बाप गेला आणि पोरगा नुसता खांबासारखा उभा!” कोणी प्रतिवाद केला नाही. मीही केला नाही. पुढे दहाव्यानंतर त्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईने सांगितले की, वडील गेल्यापासून तो रोज पहाटे त्यांचा पितळी तांब्या घासतो, भरतो आणि त्यांच्या खाटेशी ठेवतो. तो कोणी उचलला, तर त्या दिवशी जेवत नाही. मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता हा आजार आहे, हेही मला त्याच दिवशी कळले.

या आजाराचे नाव निघाले की आपल्याला कानात येणारे आवाज, भास, संशय आणि आरडाओरडा एवढेच आठवते. हा त्याचा बोलका भाग आहे. औषधांनी तो पुष्कळदा आटोक्यात येतो. मागे उरतो तो मुका भाग: थिजलेला चेहरा, एकसुरी आवाज, चुकवलेली नजर, न हललेले हात. यावर आजची औषधे फारशी चालत नाहीत. आणि समाज माणसाची पारख करतो ती नेमकी याच गोष्टींवरून! आवाज ऐकू येणाऱ्याला आपण निदान आजारी तरी म्हणतो. न हसणाऱ्याला मात्र शिष्ट, आळशी किंवा निष्ठुर ठरवून मोकळे होतो.

वस्तुतः चेहरा कोरा असला म्हणजे मन कोरे असते, हे गृहीतच चुकीचे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अशा रुग्णांना आनंदाचे, दुःखाचे, भीतीचे चित्रपटप्रसंग दाखवले. रुग्णांच्या चेहऱ्यावर निरोगी माणसांपेक्षा फार कमी भाव उमटले. पण काय वाटले हे विचारले, तेव्हा त्यांच्या भावना इतरांइतक्याच तीव्र निघाल्या. भावनेबरोबर त्वचेत होणारे सूक्ष्म बदल मोजले, तर ते रुग्णांत उलट अधिक आढळले. तो पितळी तांब्या मला तेव्हा आठवला.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. समोरच्याचा चेहरा वाचणेही या रुग्णाला अवघड जाते. विशेषतः भीती व रागाच्या छटा निसटतात. कधी साध्या चेहऱ्यातही धमकी दिसते. बोलणाऱ्याला ‘हं, हं’ करीत मान डोलावून दाद देण्याची आपली सवय तर आपल्या लक्षातही येत नाही. लंडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिघातिघांच्या गप्पांचे बारकाईने निरीक्षण केले होते. तिघांपैकी एक रुग्ण, हे इतर दोघांना ठाऊक नव्हते. ज्या रुग्णांत आजाराचा हा मुका भाग अधिक होता, त्यांची मान ऐकताना कमी हलत होती. मान हलली नाही की बोलणाऱ्याचा उत्साह मावळतो, तो दुसऱ्याकडे वळतो आणि तिसरा माणूस भर गप्पांत एकटा पडतो.

आपल्या खान्देशात तर सगळा व्यवहारच अशा खुणांवर चालतो. हिवाळ्यात शेतावर भरिताची पार्टी असो, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचा गोतावळा असो, की लग्नातला मानपान असो, “कसा शे भाऊ?” या प्रश्नाला उत्तर नको असते, हसणे हवे असते. या परीक्षेत आपला रुग्ण दरवेळी नापास होतो. मग घरचे त्याला नेणेच बंद करतात.

एक गोष्ट घरच्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. चेहरा व हातपाय ताठरणे हा काही औषधांचा दुष्परिणामही असू शकतो. तो डॉक्टरांना सांगावा. मात्रा किंवा औषध बदलता येते. मनाने गोळ्या बंद करणे मात्र सर्वांत घातक.

या विषयावर महाराष्ट्रात मोठे काम उभे राहिले, त्याचे एक मूळ धुळ्यात आहे. मूळचे तिकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीच्या वाट्याला हा आजार आला. ते दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचीच तळमळ होती. त्यात अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष आणि त्याला सांभाळताना थकून जाणारी बहीण ज्यांनी पाहिली, त्यांना या घरांचे दुखणे वेगळे सांगावे लागत नाही.

आपली कुटुंबपद्धती यावर उतारा आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याला आधारही आहे. १९८०च्या दशकात चंदीगडमध्ये झालेल्या अभ्यासात, रुग्णावर सतत टीका करणारी, चिडणारी घरे लंडनच्या तुलनेत बरीच कमी आढळली. आणि जिथे टीका कमी, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण कमी. पण तो अभिमान आज तपासून घ्यावा लागेल. ते घर माणसांनी भरलेले होते. आज दोन खोल्यांत थकलेले आईवडील आणि चाळिशीचा मुलगा एवढेच उरतात. “जरा माणसांसारखा वाग” हे वाक्य दिवसातून दहादा ऐकणाऱ्याला संस्कृतीचे कोणते कवच मिळणार?

राज्यातील जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. खान्देशातून सगळीच दूर. मात्र धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. संपर्कासाठी घरोघरी जाणाऱ्यांनी एवढे तरी जवळ ठेवावे. अशा घरी गेल्यावर समोर बसून प्रश्नांची सरबत्ती करू नये. ओट्यावर शेजारी बसावे, नजर मागू नये, उत्तराला वेळ द्यावा. येत्या लग्नसराईत त्याला मागच्या खोलीत ठेवण्याऐवजी पंगतीत पाणी वाढण्याचे काम द्यावे, आणि दमला की कोणाला न विचारता घरी जाण्याची मुभाही. फोटोत तो हसणार नाही. फोटो तसाच काढावा.